मीटर डोळे मिचकावतो तेव्हा

'वीज बिल कमी करण्याच्या पंचवीस युक्त्या' असा एक मजकूर दर उन्हाळ्यात फिरत फिरत आपल्यापर्यंत येतोच. दिवे बंद करा, चार्जर काढून ठेवा, फ्रीज सारखा उघडू नका... सगळं बरोबर असतं हो, पण कुठल्या युक्तीने किती वाचतं हे कुणीच सांगत नाही. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. प्रोग्रॅम हळू चालतोय म्हणून दिसेल ती ओळ सुधारत बसायचं नाही. आधी प्रोफायलर लावायचा, वेळ नक्की कुठे जातोय ते बघायचं आणि मगच हात घालायचा. घरातल्या विजेलाही हेच लागू आहे, आणि गंमत म्हणजे हा प्रोफायलर प्रत्येकाच्या भिंतीवर आधीच टांगलेला आहे.

तो वापरायची वेळ माझ्यावर आली गेल्या वर्षीच्या मेमध्ये, तलवाड्याला. तलवाडा म्हणजे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं आमचं गाव, त्वरिता देवीचं. (पुण्यात नाव सांगितलं की लोक हमखास "कुठे आलं हे?" विचारतात, म्हणून एवढा पत्ता.) आई सत्तरीची, अण्णा पंचाहत्तरीचे. भर दुपारी दोघं पंखा बंद करून, दार लोटून, पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. मी बटण दाबलं तर आई म्हणाली, "राहू दे रं, बिल लई यायलंय. आमाला सवय हाय."

आता सवय वगैरे ठीक आहे, पण उन्हाचा त्रास म्हाताऱ्या माणसाला सांगून होत नाही. त्या वयात तहानसुद्धा वेळेवर लागत नाही. पंख्याचे दोन रुपये वाचवून दवाखान्यात किती जातील याचा हिशोब आईने केलेला नव्हता. आणि वाद घालून आई ऐकणार नाही, हे मला चाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. म्हटलं, आकडेच मांडू.

बिल काढलं. १७८ युनिट. एसी नाही, गीझर नाही, अंघोळीचं पाणी अजून बंबावर तापतं. मग एवढी वीज जाते कुठे?

हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की किती लुकलुकींना एक युनिट होतं. आमच्या मीटरवर ३२०० होतं. म्हणजे हिशोब सोपा: एका मिनिटात जितक्या वेळा दिवा लुकलुकेल, त्याला १८.७५ ने गुणा, की तेवढे वॅट चालू आहेत. मिनिटाला ४ वेळा म्हणजे ७५ वॅट, म्हणजे एक साधा छताचा पंखा. (तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर ६०,००० ला त्या आकड्याने भागा, तो तुमचा गुणक.) मीटरला हात लावायची गरज नाही, मोबाईलचं घड्याळ पुरे.

घरातलं एकूण एक बटण बंद केलं, फ्रीजसकट. दिवा थांबायला हवा होता. पण तो मिनिटाला तीनदा लुकलुकतच होता!

चोर सापडला जिन्याखाली. इन्व्हर्टर. भारनियमनाच्या काळात घेतलेला, बॅटरी म्हातारी झालेली. अशी बॅटरी पूर्ण भरतच नाही, चार्जर दिवसरात्र तिला पाजत बसतो आणि त्यातली बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते. ५६ वॅट, चोवीस तास, महिन्याला ४० युनिट. एक पंखा रोज सतरा-अठरा तास चालवला तर जेवढी लागेल तेवढी!

दुसरा चोर देव्हाऱ्यात. लाल झीरो बल्ब. नावात झीरो असलं तरी तो १५ वॅटच्या आसपास खातो. जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा कमी भार नीट नोंदला जात नसे, म्हणून म्हणे ते नाव पडलं. चोवीस तास चालू, म्हणून महिन्याला जवळपास ११ युनिट. तिसरा टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, टीव्ही बंद असतानाही १० वॅट, म्हणजे ७ युनिट. चौथे जुने चोकवाले ट्यूबलाइट, चोक धरून प्रत्येकी ५०-५२ वॅट. वीस वॅटच्या एलईडी पट्टीत तेवढाच उजेड पडतो.

आई पंखा "दोनवर" लावते, तेवढीच बचत म्हणून. पण रेग्युलेटर जुना, मोठ्या डब्याचा. त्यात पंख्याला न मिळालेली बरीचशी वीज डब्यातच तापून जाते. वारा कमी आणि बचत नावालाच. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर मात्र वेग कमी केल्यावर खरोखर वीज वाचते.

मग केलं काय? बॅटरी बदलली. देव्हाऱ्यात अर्ध्या वॅटचा लाल एलईडी आला (देवीची हरकत नव्हती, आईची थोडी होती). ट्यूब बदलल्या. सेट टॉप बॉक्सला वेगळं बटण दिलं. आणि दोन्ही पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी बसवले. एका पंख्याला अडीच-तीन हजार जातात. पण जुने दोन पंखे रोज आठ तास चालून महिन्याला ३६ युनिट खात. नवे दोन तेरा-तेरा तास चालले तरी २३-२४ होतात. म्हणजे दुपारचे पाच तास जास्तीचे आणि वर १२ युनिट कमी.

यंदाच्या मेचं बिल १०७ युनिट. मेची तुलना मेशीच करायची बरं का, जूनशी केली तर पावसाचं श्रेय आपण घेतो.

इथे टप्प्यांचा भाग लक्षात घ्या. महावितरणच्या घरगुती दरात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत, आणि दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. "शंभर ओलांडले की सगळं बिल महाग दराने" हा समज गावातही आहे आणि हिंजवडीतही. तसं नसतं, महाग दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण याचाच अर्थ असा की वाचलेलं युनिट नेहमी वरून, महागातून कमी होतं. आमची ७१ युनिट सगळीच्या सगळी दुसऱ्या टप्प्यातली होती. युनिट चाळीस टक्के घटली, पण विजेचा आकार निम्म्याहून खाली आला. स्थिर आकार मात्र तेवढाच राहतो, तो पंखा बंद करूनही कमी होत नाही.

आईअण्णांची ही काटकसर आली कुठून? परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यातलं, आणि २००५ नंतरची काही वर्षं मराठवाड्यातल्या खेड्यांनी बारा-बारा तासांचं भारनियमन काढलंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्याच सुमारास 'अक्षय प्रकाश' योजना आली. संध्याकाळी गावाने मिळून पंप-गिरण्या बंद ठेवायच्या, बदल्यात दिवे-पंख्यापुरती वीज टिकेल. २०१३च्या दुष्काळात तर पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले. ज्यांनी वीज अशी पाहिली, त्यांना बटण दाबताना अपराधी वाटतं. ते त्यांच्या डोक्यातून काढणं आपल्या हातात नाही. पंखा तीस वॅटचा करणं आहे.

आता अण्णांना छतावर सोलर हवंय. २०२४ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार असं अनुदान ठरलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, बरं झालं आधी गळती बुजवली. १७८ युनिटांसाठी २ किलोवॅट लागले असते, आता एकात भागेल.

शहरातल्या मित्रांनो, तुमच्याकडे एसी असेल तर मोठी बचत तिथेच. तापमान एक अंश वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते. पण पुढच्या विकांताला गावी गेलात तर आधी दोन गोष्टी करा. सगळं बंद करून मीटरचा दिवा मिनिटभर मोजा. आणि दुपारी दोन वाजता घरात काय काय बंद ठेवलेलं आहे तेही बघा. बिलात ते दिसत नाही.