सावरगाव : वाट रोज मोकळी हवी

आपल्याकडे कारहुणवीला बैल सजतात, तसा मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखात पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर सावरगाव आणि पांढुर्णा समोरासमोर उभे राहतात. पात्रात रोवलेल्या पळसासाठी गोटमार होते. शेकडो जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. त्या दिवशी ॲम्ब्युलन्सला वाट राखावीच लागते.

पण उरलेल्या वर्षाचे काय? १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा व सौंसर तालुके काढून पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा आला की कचेऱ्या येतात, मागोमाग मोटारसायकली आणि जीपगाड्या. नदीपलीकडचे सावरगाव मग शहराचे उपनगरच होते.

दाट वस्तीत रस्ता रुंद करायचा तर कुणाचे तरी अंगण जाते. त्यापेक्षा कचेऱ्यांची आखणी करतानाच वाहनतळाची जागा राखावी, पुलाच्या दोन्ही तोंडांशी गाड्या लावू देऊ नयेत. बेळगावच्या खडेबाजारात गाडी लावायला जागा शोधणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. गोटमारीच्या दिवशी राखली जाणारी वाट अडलेल्या बाईला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीला एरवीही मिळायला हवी.