मुंबईतील एक दिवस : खानदेशी दृष्टीने

सावद्याहून केळी रेल्वेने उत्तरेस, दिल्लीकडे रवाना होत आली आहेत. माणसे मात्र शिक्षण, नोकरी अथवा औषधोपचार यांसाठी पश्चिमेस, मुंबईकडे जातात. कामाच्या धांदलीत ही समुद्रकाठची राजधानी पाहावयाची राहूनच जाते. म्हणून या खेपेस केवळ दर्शनाकरिता एक दिवस राखून ठेवला आणि आत्याबाई, वहिनी व मुले यांसह आम्ही भुसावळहून रात्रीची गाडी धरली.

सकाळी ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो, तेच पहिले प्रेक्षणीय स्थळ होय. १८८७ साली पूर्ण झालेल्या या वास्तूवरील पशुपक्षी व पानाफुलांचे नक्षीकाम मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या हातून उतरले आहे. मुले तर प्रवेशद्वारावरील सिंह व वाघ पाहण्यातच रमली.

तेथून हॉर्निमन सर्कल गाठले. समोर १८३३ सालचा टाउन हॉल आपल्या प्रशस्त पायऱ्यांसह उभा आहे. आज जेथे गर्द बाग आहे, त्या पटांगणावर एके काळी कापसाच्या गासड्यांचे ढीग पडत. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्यास हलला. पुढे गेटवे ऑफ इंडियापाशी आत्याबाईंनी समुद्राला हात जोडले. १९११ मधील बादशहाच्या आगमनाची स्मृती म्हणून ही कमान उभारली, ती १९२४ मध्ये खुली झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरची ब्रिटिश पलटण तिच्याखालूनच निघून गेली. काळाचा न्याय तो हाच!

दुपारी ओव्हल मैदानाच्या कडेने चालताना राजाबाई टॉवर दिसला, तेव्हा आत्याबाईंनी विचारले, “एवढे हे सारे कोणाच्या पैशाने बांधले रे?” प्रश्न मोठा मार्मिक होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, हिंदी कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. कापसाच्या व्यापारात गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून हा मनोरा उभा राहिला व १८७८ साली पूर्ण झाला. त्यास त्यांनी आपल्या मातोश्रींचे नाव दिले. युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या आणि त्याची झळ शेतकऱ्यांसही पोहोचली.

“म्हणजे आपल्या काळ्या जमिनीचाही यात वाटा आहे म्हणायचा!” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे म्हणणे यथार्थच होते. गुजराथ व वऱ्हाड यांप्रमाणे खानदेशचा कापूसही याच बंदरातून परदेशी जात असे. परंतु दिवसभरात राजे, गव्हर्नर व दानशूर धनिक यांची नावे पुष्कळ वाचली. कापूस पिकविणाऱ्याचे नाव कोठेही आढळले नाही.

सायंकाळी हुतात्मा चौकात आलो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. येथील स्मारकावर मशाल धरून उभे आहेत ते शेतकरी आणि कामगार. आत्याबाई तेथे बराच वेळ थांबल्या. आम्हीही त्यांना चला म्हटले नाही.

वाचकहो, मुंबईस जाल तेव्हा मुलांना समुद्र व उंच इमारती अवश्य दाखवा. पण आत्याबाईंचा तो प्रश्न त्यांना प्रत्येक इमारतीपाशी विचारावयास शिकवा. मग ही राजधानी त्यांस परकी वाटणार नाही.