हप्त्यावरचा बॅटमॅन

"मामा, तीन हजार भर आणि विसरून जा," भाच्यानं नागपुराहून फोनवर सांगितलं. पैसे भरायचे आणि विसरायचं, ही खरेदीची रीत मला नवीन होती. आमच्या बेल्लमपल्लीच्या बाजारात पैसे दिले की वस्तू पिशवीत पडते. उधारी असेल तर वस्तू आधी येते आणि पैसे सावकाश जातात. इथं पैसे आज जाणार होते, वस्तू पुढच्या वर्षाअखेरीस येणार होती, आणि ती अजून बनलेलीसुद्धा नव्हती. पडद्यावर जो बॅटमॅन दिसत होता तो नमुना. खाली बारीक अक्षरांत खुलासा होता की प्रत्यक्ष वस्तू चित्रापेक्षा वेगळी असू शकेल.

मी सिंगरेणी कोळसा कंपनीत कारकून. आजोबा चंद्रपूरकडून कोळशाच्या मागे इकडे आले आणि इथलेच झाले. बेल्लमपल्लीत कंपनीनं कोळसा काढायला सुरुवात केली ती 1920 च्या दशकाच्या अखेरीस. इथल्या जुन्या खाणी आता बंद पडल्यात. घरात मराठी, दाराबाहेर तेलुगू, आणि आदिलाबाद जिल्ह्यात जन्मलेला मी 2016 पासून जागचा न हलता मंचिर्याल जिल्ह्यात राहतो. दसऱ्याच्या सुमारास कंपनी नफ्यातला वाटा कामगारांना देते. त्या दिवसांत गावात टीव्ही, फ्रिज, दुचाकी यांची धूम असते. यंदा घरचं सगळं होऊन थोडे पैसे उरले आणि चाळिशीत माझ्या डोक्यात खेळणं शिरलं.

खेळणं म्हटलं की भाचा चिडतो. 'कलेक्टिबल' म्हणायचं. तरी त्याचा उगम खेळण्यातच आहे. 1964 मध्ये हॅस्ब्रो कंपनीनं अमेरिकेत जी.आय. जो हा बारा इंची सैनिक काढला. मुलगे बाहुली घेणार नाहीत या धास्तीनं त्याला 'अ‍ॅक्शन फिगर' असं भारदस्त नाव दिलं. आमच्या पिढीला तो सैनिक भेटला फनस्कूलमुळे. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून 1987 मध्ये ही कंपनी उभी केली, आणि कारखाना गोव्यात कोरलीमला. अमेरिकेत वापरून झालेले साचे इकडे यायचे आणि त्यांतून आपल्याकडचे जी.आय. जो निघायचे. रंग कधी कधी असे भलतेच असायचे की सैनिक लपण्याऐवजी लांबूनच दिसावा. नव्वदच्या दशकात वडिलांनी मला चंद्रपूरहून एक आणला होता. कमरेतला रबर तुटून त्याचे दोन तुकडे झाले, ते मी बरीच वर्षं जपून ठेवले होते. आज तेच विचित्र रंगांचे गोव्याचे सैनिक परदेशातले संग्राहक शोधत फिरतात, आणि न उघडलेल्या पाकिटाला जी किंमत सांगतात ती ऐकून मला आमच्या माळ्यावरची प्रत्येक पेटी पुन्हा उपसावीशी वाटली. उपसली. काही निघालं नाही.

मग नव्याकडे वळलो, आणि पहिली अडचण आली मापाची. एकास बारा म्हणजे साधारण सहा इंच, एकास सहा म्हणजे बारा इंच, आणि जुने फनस्कूलचे पावणेचार इंच. मला वाटलं, उंची दुप्पट तर किंमत दुप्पट. तसं काही नाही. 'मार्व्हल लेजंड्स' मालिकेतली सहा इंची फिगर 2020 च्या आसपास अमेरिकेत 20 डॉलरला मिळायची, 2022 संपताना ती 25 वर गेली. बारा इंची माल हाँगकाँगची हॉट टॉइज काढते, त्यात कापडाचे शिवलेले कपडे, हुबेहूब नटाचा चेहरा, आणि किंमत थेट तीनशे डॉलरच्या घरात. उंची दुप्पट, किंमत बारापट! हे गणित मी भाच्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, तू किलोच्या भावानं बघू नकोस."

बरं, महागाईही आजची नाही. सत्तरच्या दशकात तेल भडकलं, प्लास्टिक महागलं, आणि बारा इंची जी.आय. जो 1976 च्या सुमारास अमेरिकेत बंदच पडला. 1982 मध्ये परतला तो पावणेचार इंचांचा होऊन. पगार तेवढाच राहिला की आपण वाण्याकडून लहान पुडा आणतो, तोच प्रकार. आता कारणं वाढली आहेत: चीनमधली मजुरी, जहाजभाडं, चित्रपट कंपनीला द्यायचं नावाचं भाडं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खेळण्यांपैकी सुमारे 80 टक्के चीनमध्ये बनतात. 2025 च्या एप्रिलमध्ये तिथं चिनी मालावरचा कर 145 टक्क्यांपर्यंत चढला आणि मे महिन्यात 30 वर उतरला. या चढउतारात आधीच नोंदवलेल्या मालावरही जादा आकार लावायला काही विक्रेते मोकळे झाले. म्हणजे मी बेल्लमपल्लीत जेवायला बसलोय आणि माझ्या बॅटमॅनची किंमत वॉशिंग्टनात ठरते आहे.

आता विसाराची गोष्ट. नोंदणीच्या वेळी दहाएक टक्के भरायचे, बाकीचे हप्त्यानं किंवा माल आल्यावर. अटी मी परीक्षेच्या अभ्यासासारख्या वाचल्या. नोंदणी रद्द केली तर विसार परत नाही. तारीख अंदाजे आहे. ती पुढे गेली म्हणून विसार परत मागता येणार नाही. एकीकडे माझी बाजू पक्की बांधलेली आणि दुसरीकडे त्यांची सैल. मंगल कार्यालयवालाही लग्न मोडलं तर ॲडव्हान्स देत नाही, हे मान्य. त्याचा मुहूर्त अडकलेला असतो. पण 'हॉल तयार झाला नाही, लग्न पुढच्या तिमाहीत करा' असं सांगून तो ॲडव्हान्स खिशात ठेवत नाही.

तरीही कंपनीवाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट मला पटली. पोलादी साचा कापायला पाण्यासारखा पैसा लागतो, तोही पहिलं खेळणं निघायच्या आधी. किती नग काढायचे हे नोंदणीवरून ठरतं. ही युक्ती जुनी आहे. 1977 मध्ये 'स्टार वॉर्स' इतका चालेल हे खेळणी काढणाऱ्या केनर कंपनीला उमगलंच नव्हतं. नाताळ आला तेव्हा माल तयार नव्हता. मग त्यांनी चक्क रिकामा पुठ्ठ्याचा लखोटा विकला. आत एक प्रमाणपत्र, ते टपालानं पाठवायचं, आणि 1978 मध्ये चार बाहुल्या घरी येणार. पोरांना नाताळला भेट मिळाली ती पुढच्या वर्षाची पावती. आणि लोकांनी घेतली! हॅस्ब्रोनं 2018 मध्ये याच तत्त्वावर 'हॅसलॅब' सुरू केलं. पहिलीच वस्तू होती 'स्टार वॉर्स'मधल्या जब्बाचं जहाज, किंमत जवळपास 500 डॉलर. 5,000 गिऱ्हाइकं जमली तरच बनवू, असं जाहीर केलं. पावणेनऊ हजारांवर जमली. पण 2021 मध्ये रँकर नावाच्या राक्षसाला 9,000 लोक हवे होते, तेवढे आले नाहीत आणि राक्षस जन्मलाच नाही. तिथं एक बरं: आकडा गाठला नाही तर पैसे कापले जात नाहीत. ही रीत मला विसारापेक्षा सरळ वाटते. पण मला हवा होता तो बॅटमॅन तिथं नव्हता.

सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो रुपयानं. विसार दिला की किंमत पक्की झाली, असं मी धरून चाललो होतो. पक्की होते ती डॉलरमध्ये. 2020 मध्ये डॉलर पंचाहत्तरच्या आसपास होता, 2025 संपता संपता तो नव्वदीला टेकला. नोंदणी आणि माल यांच्यामध्ये दीड वर्ष गेलं तर तीनशे डॉलर तीनशेच राहतात, माझे रुपये मात्र वाढत जातात. त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा आकार. येनचं उलटं आहे. जपानी कंपन्यांनी किमती वाढवल्यात, पण 2022 पासून येनच इतका घसरला की ती वाढ आपल्यापर्यंत पोचताना बरीच विरघळते. म्हणून भाच्यानं सुचवलं, सरावासाठी जपानहून एक सहा इंची, तयार असलेली फिगर मागव.

ती टपालानं आली. आपल्या सरकारनं खेळण्यांवरचं आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के केलं, 2023 मध्ये 70. त्यावर पुन्हा जीएसटी. म्हणजे शंभराची वस्तू आयातदाराच्या हाती येईपर्यंत पावणेदोनशेच्या पुढे जाते. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यावर आयएसआयची खूण सक्तीची. नियमाप्रमाणे 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळायचं ते खेळणं, आणि माझ्या जपानी डब्यावर 15 वर्षांवरच्यांसाठी असं छापलेलं. मग हे खेळणं की आणखी काही? याचा निकाल कस्टम्समध्ये कुणीतरी लावला आणि शुल्काचा आकडा पार्सलवर लिहून पोस्टमनच्या हाती दिला. त्यानं दारात उभं राहून तो वाचला, डबा कानाशी हलवला आणि विचारलं, "बोम्मकि इन्नि पैसला, सारू?" बाहुलीला एवढे पैसे? मी 'भाच्यासाठी आहे' म्हणालो.

डबा उघडला. प्लास्टिकच्या पारदर्शक तबकात बाहुला मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुटे पंजे: मूठ, उघडा हात, दोन बोटं वर, काहीतरी धरायला वाकलेली बोटं. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. मनगटाची खुंटी इतकी नाजूक की पंजा बदलताना मी श्वास रोखून धरला होता. बायको चष्मा लावून बघत होती. म्हणाली, "अहो, हात एवढे दिलेत, पण उभं राहायला पाय धड नाहीत." खरंच. घोट्याचा सांधा जरा तिरका झाला की तो तोंडावर पडतो. स्टँड वेगळा घ्यावा लागतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं त्याला टीव्हीच्या कपाटात बालाजीच्या फोटोला टेकवून उभा केला. तिथं तो पडत नाही.

मधे एका लग्नाला निर्मळला जाणं झालं. निर्मळची लाकडी खेळणी आमच्या जुन्या जिल्ह्याची शान. पोनिकी नावाचं हलकं, मऊ लाकूड कोरून, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्यानं सांधे बुजवून, वर रंग. कारागिरांची सहकारी संस्था 1955 पासूनची. मला वाटलं, इथं तरी महागाईची भानगड नसेल. तर तिथंही तेच. पोनिकी जवळच्या जंगलात आता सहज मिळत नाही, लांबून आणावं लागतं आणि किंमत चढते. फरक एवढाच की पैसे दिले आणि रंगवलेली फळांची टोपली लगेच हातात आली. तीनशे डॉलरचं ऐकून दुकानदारानं मला खुर्ची दिली.

परत आल्यावर मी वही केली. भाचा विसार लिहितो, मी विसार लिहीतच नाही. एका रकान्यात डॉलरची पूर्ण किंमत, दुसऱ्यात पाठवणीचा खर्च, तिसऱ्यात शुल्क, चौथ्यात डॉलर पाच रुपयांनी चढला तर काय. बारा इंची बॅटमॅनची बेरीज पन्नास हजारांच्या आसपास गेली. तीन हजार हा आकडा त्या बेरजेपुढे इतका किरकोळ दिसतो की तसा दिसावा म्हणूनच तो ठेवला असावा. भाच्याच्या चार नोंदण्या चालू आहेत. चारही एकाच महिन्यात आल्या तर, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तसं होत नाही मामा, त्या लांबतातच." उशीर हाच त्याचा आधार! लांबण्यावरच त्याचं अंदाजपत्रक बेतलेलं आहे. आणि अगदीच नाही जमलं तर नोंदणी दुसऱ्याला विकायची, किंवा माल घेऊन चढ्या भावानं काढायचा, असं तो म्हणतो. पण कंपनीनं तीच मूर्ती पुन्हा काढली की चढा भाव बसतो, हेही त्यानंच मला सांगितलं होतं.

सगळं समजून उमजून मी विसार भरला. पन्नास हजार जमतील अशी आवर्ती ठेव उघडून, मग भरला. भाच्याला हा प्रकार फार म्हाताऱ्यासारखा वाटतो. परवा विक्रेत्याचा निरोप आला की माल एक तिमाही पुढे गेला आहे. मला उलट बरं वाटलं, ठेवीचे तीन हप्ते आणखी जातील.

त्याच संध्याकाळी भाच्यानं बॅटमॅनच्या गाडीचा फोटो पाठवला. त्याच मापाची, मीटरभर लांब, नोंदणी सुरू. बायकोनं टेप काढून दिवाणाखालची जागा मोजली. तिरकी घातली तर बसते म्हणाली. मग विचारलं, "विसाराचं राहू द्या, दारात येईपर्यंत किती?" मी वहीत बेरीज करून दाखवली. भाच्याला कळवलं आहे की आमचा बॅटमॅन पायीच फिरेल.