संगणकाचे कान

जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे विष्णु-वराहाच्या प्राचीन मंदिराचे गाव. या मुलखावर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि जबलपूरकडे मराठी घरे आजही आहेत. अशा एखाद्या घरातील आजी ‘सून स्वयंपाक करून राहिली’ असे सहज म्हणून जाते. हिंदी शाळेत शिकलेल्या नातवाला ही मराठी समजते. लिहिण्याचा मात्र सराव नसतो. मग आजीच्या आठवणी कागदावर उतरवाव्यात कोणी?

हे काम घरचा संगणक करू शकतो. बोललेले ऐकून लिहिणारी ‘व्हिस्पर’ ही आज्ञावली ओपनएआय या अमेरिकन संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षी गिओर्गी गेर्गानोव्ह या बल्गेरियन तंत्रज्ञाने महागड्या यंत्रसामग्रीवाचून चालणारे तिचे रूप तयार केले. ती विनामूल्य आहे. एकदा उतरवून घेतली, की इंटरनेट लागत नाही आणि आजीचा आवाज घराबाहेर जात नाही. आठवणींत भाऊबंदकीही असतेच, तेव्हा ही सोय लहान नव्हे.

तिचा सर्वांत लहान नमुना सुमारे ७५ एमबींचा, तर मोठा ३ जीबींच्या आसपास. लहान नमुना झटपट लिहितो, पण मराठीची दैना करतो. मोठा बरे लिहितो, पण जुना संगणक त्याच्या ओझ्याखाली तासन् तास कण्हत बसतो. भाषा मराठी आहे हेही आधी सांगून ठेवावे लागते. नाहीतर आज्ञावली ती स्वतः ओळखू पाहते आणि आजीची मराठी तिला हिंदीच वाटू शकते.

याचे कारण तिच्या शिक्षणात आहे. तिला ६,८०,००० तासांचे ध्वनिमुद्रण ऐकविले गेले. त्यात बहुतांश इंग्रजी, मराठीचा वाटा नगण्य. जे कानी पडले नाही, ते ओळखणार कसे? ‘करून राहिली’ ऐकून ती ‘करत राहिली’ असे लिहिण्याचा संभव असतो. वाक्य शुद्ध दिसते, पण अर्थ बदलतो: आत्ता चाललेला स्वयंपाक मागे कधीतरी लांबलेला होतो.

ही उणीव आवाजांनीच भरून निघू शकते. मोझिला संस्थेच्या ‘कॉमन व्हॉइस’ या २०१७ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात लोक आपला आवाज दान करतात. त्यात मराठीही आहे. तोवर नातवाला ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकावे लागते आणि ‘करून राहिली’ हे शब्द स्वतःच्या हाताने टंकावे लागतात.