दोन्ही घरचा पाहुणा

'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' ही म्हण मराठीत इतक्या सहजपणे वापरली जाते, की तिच्यातील पाहुणा नेमका कशामुळे उपाशी राहिला, याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. रूढ अर्थ असा, की ज्याने दोन ठिकाणी भिस्त ठेवली त्याच्या पदरात कोठलेच काही पडत नाही; म्हणजे दोष पाहुण्याचा, त्याच्या लोभाचा किंवा अनिश्चयाचा. परंतु म्हणीच्या शब्दांत लोभाचा उल्लेख कोठेही नाही. दोन घरे आहेत, दोन्ही घरी चूल पेटलेली आहे, आणि पाहुणा दुसरीकडे जेवला असेल अशी प्रत्येक यजमानाची प्रामाणिक समजूत आहे. कोणीही दार लावून घेतलेले नाही, तरी एक माणूस उपाशी निजतो. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमातून शिकवण्याची पात्रता मिळवून पहिल्या नोकरीची वाट पाहणाऱ्या शिक्षकाचा विचार करू लागले, की ही म्हण वारंवार आडवी येते आणि तिचा रूढ अर्थ दर वेळी अपुरा पडतो.

हा जिल्हा पैनगंगेच्या दक्षिणेस आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळात किनवट आणि राजुरा हे भागही याच जिल्ह्यात होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते मराठी मुलुखात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. 2014 मध्ये तो तेलंगणात आला आणि 2016 मध्ये त्याचे चार जिल्हे झाले. रेघा अशा हलत राहिल्या, पण बेला, जैनद, तामसी, तलमडगू, नारनूर या मंडलांतील (मंडल म्हणजे तेलंगणातील तालुक्याहून लहान महसुली घटक) मराठी बोलणारी घरे जागची हलली नाहीत. कापूस येथेही तोच आणि नदीपलीकडेही तोच. सोयरीक पलीकडची, बाजार अलीकडचा. या घरांतील मुलांसाठी सरकारने मराठी माध्यमाच्या शाळा ठेवल्या, आणि शाळा आहेत म्हणून त्यांत शिकवण्याची उमेद बाळगणारी मुलेमुलीही तेथेच तयार झाली.

त्यांच्यापुढील वाट कागदावर सरळ आहे. प्रथम प्राथमिक शिक्षणशास्त्राची दोन वर्षांची पदविका, जिला लोक अजूनही जुन्या सवयीने डी.एड. म्हणतात, त्यानंतर 'टेट', म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, जी 2010 पासून देशभर अनिवार्य झाली, आणि अखेरीस 'डीएससी'. डीएससी हे मुळात जिल्हा निवड समितीचे इंग्रजी आद्याक्षरी नाव, पण बोलण्यात भरतीच्या परीक्षेलाच डीएससी म्हणतात, आणि 'डीएससी पडली का' हा प्रश्न पाऊस पडला का या प्रश्नाच्या सुरात विचारला जातो. अखंड आंध्रातील शेवटची डीएससी 2012 ची. तेलंगणाची पहिली शिक्षकभरती 2017 मध्ये जाहीर झाली आणि तिच्या नेमणुका 2019 पर्यंत लांबल्या. सप्टेंबर 2023 मध्ये 5,089 पदांची जाहिरात निघाली, ती रद्द होऊन फेब्रुवारी 2024 मध्ये 11,062 पदांची नवी जाहिरात आली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नेमणूकपत्रे दिली गेली. या हजारोंच्या आकड्यांत मराठी माध्यमाच्या एसजीटींची, म्हणजे प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्या सेकंडरी ग्रेड शिक्षकांची, ओळ अगदी लहान असते, आणि तीही पुन्हा सामाजिक प्रवर्गांच्या रोस्टरमध्ये, म्हणजे आरक्षणाच्या ठरलेल्या क्रमात, विभागली जाते. मधल्या वर्षांत विद्या वॉलंटियर म्हणून दरमहा 12,000 रुपये मानधनावर शिकवण्याची सोय होती. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा तीही थांबली. संस्कृतात 'अतिथी' या शब्दाची पारंपरिक फोड अशी, की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. येथे पाहुणा वेळेवर येऊन बसलेला आहे आणि पंगतीची तिथी ठरायची आहे. 2024 च्या भरतीत कमाल वय 46 वर्षे होते, यावरून ही प्रतीक्षा किती लांबू शकते याचा अंदाज यावा.

दुसरे घर नदीपलीकडे आहे, आणि तेथे तर सगळे मराठीच. पण त्या घराचा उंबरठा वेगळा आहे. महाराष्ट्राची अभियोग्यता चाचणी वेगळी, 'पवित्र' या संगणकीय प्रणालीवरील नोंदणी वेगळी. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. शिवाय एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यातील आरक्षणासाठी चालत नाही. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत गणला जातो आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. त्यामुळे एकाच तांड्यातील दोन चुलतभाऊ नदीच्या दोन काठांवर दोन निराळ्या याद्यांत बसतात. अलीकडच्या घरातही सगळेच मोकळे नाही. 2018 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार जिल्हास्तरीय पदांपैकी 95 टक्के पदे स्थानिकांसाठी राखीव आहेत, आणि उमेदवार स्थानिक कोणता हे त्याने पहिली ते सातवीची बहुतेक वर्षे कोणत्या जिल्ह्यात शिकून काढली यावरून ठरते. ज्या मुलाला बापाने सहाव्या वर्षी मामाकडे किनवटला शिकायला ठेवले, त्याचा मुक्काम बाविसाव्या वर्षी मोजला जातो. त्या बापाने कोणताही लोभ धरलेला नव्हता. त्याला चांगली मराठी शाळा हवी होती. म्हणीने येथे दोष कोणाला द्यावा?

यजमानांच्या बाजूनेही काही म्हणता येते. तेलंगणाने 2018 मध्ये सर्व शाळांत तेलुगू सक्तीची करणारा कायदा केला आणि 2022-23 पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणले. ज्या राज्यात मूल वाढणार, त्या राज्याची भाषा त्याला यावी, ही अपेक्षा अन्यायाची नव्हे; अनेक मराठी पालकही आपल्या मुलासाठी तेच मागतात. पद शिक्षकाच्या पोटासाठी निर्माण होत नाही, मुलाच्या शिकण्यासाठी होते, आणि मूलच मराठी वर्गात नसेल तर पद मागावे कशाच्या आधारे, हा प्रश्न टाळता येत नाही. उलट पहिलीतील मुलाला घरातल्या भाषेत बोलणारे माणूस वर्गात हवे, हेही तितकेच खरे आहे. ही दोन सत्ये एकमेकांना खोडत नाहीत आणि एकत्रही नांदत नाहीत.

या पेचात असताना मारलवाईची आठवण होणे स्वाभाविक आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे डोंगरातले गोंड गाव. 1940 मध्ये जोडेघाट येथे गोंडांच्या बंडाचा नेता कोमाराम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारने गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवले. ते आणि त्यांच्या पत्नी मारलवाईत राहिले, आणि 1943 मध्ये तेथे गोंड शिक्षकांना तयार करणारे केंद्र उघडले गेले. त्या काळी लिहितावाचता येणारे गोंड फारच थोडे होते. म्हणून आधी शिक्षक घडवायचे, मग त्यांना त्यांच्याच लोकांत पाठवायचे, असा क्रम ठरला. गोंडीतील वाचनमाला देवनागरी लिपीत छापल्या गेल्या. याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम करताना सेतुमाधवराव पगडी गोंडी शिकले, त्यांनी तिचे व्याकरण लिहिले आणि 1949 मध्ये आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो, पण त्यांच्या आयुष्यातील हा भाग अधिक आठवला जावा असा आहे. त्या पहिल्या शिक्षकांना नोकरी शोधावी लागली नाही, नोकरीच त्यांना शोधत आली, कारण शाळा, पुस्तक आणि शिक्षक ही तिन्ही एकाच गरजेतून एकाच वेळी जन्माला आली होती. पुढे 2000 मध्ये अनुसूचित क्षेत्रातील सर्व शिक्षकपदे स्थानिक आदिवासींनाच द्यावीत असा शासन आदेश निघाला, त्यामागेही शिक्षक गावचा असावा हाच विचार होता; 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के आरक्षण घटनेत बसत नाही म्हणून तो रद्द केला.

मारलवाईचे चित्र मनाला धीर देते, आणि नेमके तेथेच ते अस्वस्थही करते. गोंडी वाचनमाला फार काळ टिकल्या नाहीत. राज्य बदलले, व्यवहाराची भाषा तेलुगू झाली आणि ती पुस्तके मागे पडली. त्याआधीही बाजारात, सावकाराच्या दारात आणि पटवाऱ्याच्या वहीसमोर गोंडाला स्वतःची भाषा बाजूला ठेवून दुसऱ्याची भाषा बोलावी लागत असे, आणि या मुलखात ती पुष्कळदा मराठी असे. म्हणजे आज जी मराठी स्वतःला उपाशी पाहुणा म्हणवते, ती काल एका घराची यजमानीण होती आणि गोंडी तिच्या ओसरीवर बसलेली होती. तिला जेवायला विचारले गेले होते की नाही, हे मराठीने स्वतःला विचारायला हवे. आदिलाबादचे परधान या संदर्भात विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. किकरी या तंतुवाद्याच्या साथीने ते गोंडांच्या कुळकथा गातात. त्यांच्या घरची भाषा मराठी आणि गाण्यातली परंपरा गोंडांची. दोन भाषांत राहूनही ते पाहुणे ठरले नाहीत, कारण गोंड यजमानाने आपल्या परधानाला दान देणे हे उपकारात मोडत नव्हते, तो परधानाचा हक्क होता. हा हक्क कोणत्या परीक्षेने मिळाला होता? आणि तसा हक्क शाळेच्या चौकटीत बसवताही येईल का? परधानाचा हक्क जन्माने येत होता, आणि जन्माने येणारी नोकरी कोणत्याही शिक्षकाने मागू नये असेच वाटते.

मग केरामेरी मंडलातील चौदा सीमावर्ती गावांकडे पाहावे. परमडोली, महाराजगुडा यांसारख्या या गावांवर तेलंगणा आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. लोकांची नावे दोन्हीकडील मतदारयाद्यांत आहेत, शिधापत्रिका दोन आहेत, आणि एकाच गावात तेलुगू शाळाही आहे व मराठी शाळाही. येथे पाहुण्याला दोन्ही घरी ताट वाढलेले आहे, म्हणजे म्हण उलटी झाली, असे क्षणभर वाटते. परंतु तेथील मूल सकाळी कोणत्या शाळेची वाट धरते, ते त्या शाळेतील शिक्षकाच्या भाषेवर ठरते, शाळेत मिळणाऱ्या जेवणावर, की पुढे दाखला कोणत्या राज्याचा उपयोगी पडेल या बापाच्या हिशेबावर, हे बाहेरून पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. दोन शाळा आहेत म्हणून दोन शिक्षकांना नोकरी आहे. पुढेमागे सीमेचा वाद मिटला, तर त्यांतल्या एकाचे काम संपेल. वाद मिटावा असे वाटणे योग्यच आहे. पण परमडोलीच्या पटांगणात उभे राहून ते म्हणताना, संपणारी शाळा मराठी असेल की तेलुगू, हे आधी जाणून घ्यावेसे वाटते, आणि असे का वाटावे याचे समाधानकारक उत्तर सापडत नाही.