कोणाच्या हाती सोपवावे?

घरातले माणूस आजारी पडले की कोणत्या डॉक्टरकडे जावे हे सांगणारे दहाजण भेटतात; परंतु डॉक्टरांनीच उपाय संपल्याचे सांगितल्यावर त्यास कोणाच्या हाती सोपवावे, हे सांगणारा क्वचितच भेटतो. सिंधीपुऱ्यातील आमच्या घरी आत्याबाईंच्या कर्करोगाने आम्हां भावंडांपुढे हाच प्रश्न उभा केला. आम्हांस त्यांनी आईच्या मायेने वाढविले होते. त्यामुळे विचार करावयास बसलो की हुंदकाच आधी येई.

अशा रुग्णांसाठी निराळी शुश्रूषागृहे असतात. त्यांस हॉस्पिस म्हणतात. रोग बरा करण्याचा अट्टाहास तेथे नसतो. वेदना शमविणे, जखमा स्वच्छ ठेवणे आणि मनास धीर देणे हे तेथील काम. डॉ. सिसिली साँडर्स ह्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले, तेव्हापासून ह्या सेवेस शास्त्रशुद्ध रूप आले. आपल्या देशातील असे पहिले घर, शांती आवेदना सदन, मुंबईत वांद्र्यास १९८६ साली निघाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. दोन्हीकडे सेवा विनामूल्य मिळते.

थोरल्या भावाचा ओढा वांद्र्याकडे. तेथे अनुभवी परिचारिकांची अष्टौप्रहर देखरेख. आत्याबाईंनी घर सोडूच नये, असे वहिनींचे म्हणणे. प्रेम दोघांचेही खरे; पण घरी रात्री दोन वाजता कळ उठल्यास काय करावे, ह्याचे उत्तर कोणापाशी नव्हते. तेव्हा आम्ही प्रश्नच लिहून काढले. रात्री कोण धावून येईल? मॉर्फिन मिळेल का? घरचे माणूस उशाशी राहू शकेल का? प्रार्थनेस व भेटीगाठींस मोकळीक आहे का? रुग्णास घरी परत आणता येईल का?

मॉर्फिनचे नाव काढताच शेजारी दचकले. व्यसन लागेल म्हणाले. वास्तविक डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास तसे क्वचितच घडते. साधी गोळी दर चार तासांनी, कळ उसळण्याची वाट न पाहता, द्यावयाची असते. जोडीस रेचकही लागते. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा सुधारल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांस हे औषध ठेवणे सुलभ झाले आहे. तरी गावोगावी ते मिळतेच असे नाही.

अखेर आम्ही आत्याबाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "मला दुखू देऊ नका रे, अन् शेवटी आपल्याच घरात राहू द्या." एवढ्याने सारा वाद मिटला. पुण्याच्या केंद्रात नातेवाईक रुग्णासोबत राहून शुश्रूषा शिकतात, आणि वेदना आटोक्यात आली की रुग्ण घरी जाऊ शकतो. म्हणून आम्ही त्यांस भुसावळमार्गे रेल्वेने तिकडे नेले. कूस कशी बदलावी, कोरडे पडलेले तोंड कसे पुसावे, गोळ्यांची वही कशी ठेवावी, हे वहिनी तेथे शिकल्या. तीन आठवड्यांनी आत्याबाई घरी परतल्या. पुढचे पाच आठवडे गावातल्या डॉक्टरांनी लक्ष ठेवले, धाकटा भाऊ गजर लावून गोळीसाठी उठे आणि धर्मगुरू कम्युनियन घेऊन येत. आपल्याच खाटेवर, बोलता बोलता, आत्याबाईंना झोप लागली ती कायमची.

वाचकहो, असा प्रसंग आपणांवर आल्यास संस्थांची चौकशी अवश्य करा. पण रुग्णास बोलता येत आहे तोवरच त्यासही विचारा.