पाटलांची वही

शहरात वाढलेल्या माणसास गावच्या पाटलाची जी ओळख असते, ती बहुधा नाटक-सिनेमाने करून दिलेली असते. पिळदार मिशा, भरजरी फेटा, हातात बंदूक आणि तोंडी दरडावणी, एवढ्याच साहित्यावर आमच्याही मनातील पाटील उभा होता. पुढे कायद्याच्या वर्गात आम्ही कलमे पाठ केली, परंतु त्या मूर्तीस धक्का लागला नाही; कारण ही कलमे गावात कोणाच्या पायांनी चालत जातात, हा प्रश्न परीक्षेत कधी येत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या प्राध्यापकांनी आम्हां बारा विद्यार्थ्यांस एक तालुक्याचे पोलीस ठाणे व त्याच्या हद्दीतील एक दूरचे गाव दाखविण्यास नेले, तेव्हा आम्ही काहीशा सहलीच्याच वृत्तीने निघालो होतो, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

ठाण्याच्या अधिकाऱ्यांनी मोठ्या आस्थेने आम्हांस ठाणे दैनंदिनी, मुद्देमालाची खोली आणि कोठडी दाखविली. हद्दीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांस बीट म्हणतात. एकेका बीटात कितीतरी गावे आणि ती पाहावयास एक हवालदार व एक-दोन शिपाई. शिक्षणाविषयी आम्ही विचारले. शिपायांस भरतीनंतर प्रशिक्षण विद्यालयात कवायत, कायदा व हत्यारांचे शिक्षण मिळते. उपनिरीक्षक तयार होतात ते नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. ही संस्था १९०६ साली पुण्यानजीक भांबुर्ड्यास निघाली व १९०९ साली नाशिकास गेली. “तिथं आम्ही पुष्कळ शिकलो,” अधिकारी हसून म्हणाले, “पण गाव कसं वाचायचं ते पोलीस पाटलाकडून शिकलो. आता त्यांच्याकडेच चला.”

वाटेत प्राध्यापकांनी ह्या पदाचा इतिहास सांगितला. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा ‘गांवगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. तो ज्यांनी वाचला आहे त्यांस पाटील, कुलकर्णी व जागल्या ह्यांची वंशपरंपरागत व्यवस्था ठाऊक असेलच. इंग्रज सरकारने १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाची कामे कायद्यात बसविली. स्वातंत्र्यानंतर वतने गेली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद रद्द झाले, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमान्वये पोलीस पाटील हा नेमलेला, मानधनावरचा सेवक झाला. आता ह्या पदास जन्म लागत नाही. दहावीपर्यंतचे शिक्षण, गावातील वास्तव्य व प्रांताधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पुष्कळ गावांत स्त्रियाही हे काम करीत आहेत.

आम्हांस भेटलेल्या पाटलांस ना मिशा होत्या ना बंदूक. पन्नाशीचे, चष्मा लावणारे, कांद्याच्या रोपास पाणी देता देता उठून आलेले ते एक साधे शेतकरी होते. त्यांनी आम्हांस देवळाच्या ओट्यावर बसविले, चहा आणविला आणि आपली वही पुढे ठेवली. जत्रेचा बंदोबस्त, परगावचा मनुष्य वस्तीस आल्याची खबर, ओढ्याचा पूर, बांधाची भांडणे, असे सारे तीत दिवसवार टिपलेले होते. कोणी गळफास घेतल्याचे कळले, तर धुगधुगी असल्यास आधी माणूस खाली घ्यावा. गाठ मात्र सोडू नये, दोर दुसरीकडे कापावा. प्राण गेलाच असेल तर पोलीस येईतो कशासही हात लागू देऊ नये. हे त्यांनी आम्हांस आमच्या पुस्तकापेक्षा अधिक नीट समजावून दिले.

“हे तुम्हांला कोणी शिकवलं?” आम्ही विचारले.

“तालुक्याला दोन दिवस वर्ग झाला होता. बाकीचं गावानं शिकवलं.”

तेव्हा आमच्यापैकी एकीने धीर करून विचारले, “काका, पुष्कळ प्रकरणं गावातच मिटवतात म्हणे. ठाण्यापर्यंत जातच नाहीत. ते खरं का?”

आम्हांस वाटले, पाटील रागावतील. ते काही वेळ बोलले नाहीत. मग घरी जाऊन त्यांनी एक जुनी वही आणली व तिच्यातील एक पान उघडून आमच्यापुढे धरले. पानावर वर तारीख होती. खाली काही नव्हते.

“त्या दिवशी दिवेलागणीला गावातली एक सून माझ्याकडं आली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा मारतो म्हणाली. मी दोन्हीकडची माणसं बोलावली. पोरीच्या बापानंच हात जोडले, ठाण्यात नेऊ नका, धाकटीचं लगीन ठरलंय म्हणाला. नवऱ्यानं ह्याच ओट्यावर नारळावर हात ठेवून शपथ घेतली. मिटलं, असं मला वाटलं. म्हणून लिवलं नाही. लिवलं की कागद होतो, कागद झाला की जावं लागतं. अकराव्या दिवशी ती विहिरीत सापडली. ती वर्दी मात्र मीच लिवून दिली.”

लग्नास सात वर्षे झाली नव्हती, म्हणून चौकशीस दंडाधिकारी आले. पाटलांनी काही लपविले नाही. ती आपणाकडे आली होती, हे त्यांनी जबाबात सांगितले आणि पुढे न्यायालयातही सांगितले. गावातील कित्येक घरे त्यामुळे त्यांच्याशी बोलेनाशी झाली. मृताने आपल्या मरणास कारण झालेल्या परिस्थितीविषयी केलेले कथन पुराव्यात घेता येते. पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या ३२ व्या कलमात आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २६ व्या कलमात ही तरतूद आहे, व ती आम्हां सर्वांस तोंडपाठ होती. परंतु बचावाच्या वकिलांनी पाटलांस एकच प्रश्न विचारला होता: “रोजचं सारं लिहिता, मग हेच कसं लिहिलं नाही?” पाटलांपाशी उत्तर नव्हते. नवरा सुटला.

आम्ही खाली पाहू लागलो. कारण तो प्रश्न चांगला होता. आमच्या अभिरूप न्यायालयात कोणी असा प्रश्न विचारला असता तर आम्ही टाळ्याच वाजविल्या असत्या, आणि आणखी दोन-चार वर्षांनी आमच्यापैकी कोणीतरी तो खरोखरच कोणास विचारील.

परतताना गाडीत वाद झाला. कोणी म्हणाले, पाटलांनी कर्तव्यात कसूर केली. कोणी म्हणाले, बापानेच हात जोडल्यावर त्यांनी काय करावे? प्राध्यापकांनी एवढेच विचारले, “ठाणे बावीस किलोमीटर, शेवटची एस. टी. गेलेली, मुलगी दारात उभी. तुम्ही पहिली गोष्ट कोणती केली असती?” कोणी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचे नाव घेतले, कोणी ११२ ह्या क्रमांकाचे. दोन्ही उत्तरे बरोबरच होती. परंतु ती देताना आमचा आवाज परीक्षेतल्यासारखा नव्हता.

महाविद्यालयात आम्हांस भेटीचा अहवाल द्यावा लागला. त्यात ‘प्राप्त झालेले ज्ञान’ असा एक रकाना होता. निघताना पाटलांनी सांगितलेले वाक्यच आम्ही त्यात उतरून दिले: आता कोणीही दारात आले की ते आधी लिहून घेतात, ठाण्यास कळवितात, आणि समजूत घालावयाची ती त्यानंतर घालतात.